आप्पांना फिरवू नका, किल्ली द्या

वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून आणि थोडं आटोपशीर करून:

‘मी आणि माझा नवरा बरीच वर्षं म्युनिकला आहोत. दोघंही नोकरी करतो. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. माझे वडील, आप्पा, ७१ वर्षांचे. निवृत्त शिक्षक. तासगावजवळ गावी एकटेच राहतात. दोन एकर द्राक्षबाग आहे, ती वाटेकरी बघतो. आई तीन वर्षांपूर्वी गेली.

मागच्या वर्षी मे ते जुलै त्यांना इकडे बोलावलं. एकटं वाटू नये म्हणून जिवाचं रान केलं. पॅरिस झालं, स्वित्झर्लंड झालं, एक शनिवार-रविवार रिकामा ठेवला नाही. तरी ते रमले नाहीत. दिवसभर सोफ्यावर फोन घेऊन बसायचे. मुलीला बाराखडी गिरवायला बसवायचे, ती जर्मनमध्ये काहीतरी बोलून पळायची. धाकट्याला जेवताना मोबाइल द्यायचे, त्यावरून आमचे खटके उडाले. जूनमध्ये कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार लागलं. बनियन-लुंगीवर दोन तास जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी खुर्ची आणि पाणी दिलं म्हणून बरं. त्यानंतर मी त्यांना सांगून टाकलं, आप्पा, एकटे बाहेर पडू नका. शेवटी “बागेकडे बघायला हवं” म्हणत पंधरा दिवस आधीच तिकीट बदलून निघून गेले.

यंदाही मेमध्ये बोलवायचं आहे. ते फोनवर नुसतं “बघू” म्हणतात. नवरा म्हणतो, महिनाभर पुरे. पुण्याचा भाऊ म्हणतो, तुला मुलं सांभाळायला फुकटचा माणूस हवाय. मी रजा काढून त्यांना वेळ द्यावा का? धाकट्याला तीन महिने किटातून, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीतून, काढून त्यांच्याजवळ ठेवलं तर त्यांना करमेल का? त्यांना आनंदी ठेवायचं तरी कसं?’

•

रजा काढू नका, आणि धाकट्याला किटातूनही काढू नका. म्युनिकमध्ये किटात जागा मिळवायला केवढी यातायात होते ते तुम्ही जाणता. शिवाय तीन वर्षांच्या पोरामागे सकाळपासून संध्याकाळपर्यंत धावणं ही ७१ वर्षांच्या माणसाची करमणूक नव्हे. ही दोन उत्तरं सोपी होती. तिसरा प्रश्न मात्र तुम्ही जसा विचारलाय तसा सुटेल असं मला वाटत नाही.

तुम्ही असं धरून चालला आहात की मागच्या वर्षी आप्पांना तुमचा वेळ कमी पडला, म्हणून यंदा तो वाढवायचा. पण वेळ तर तुम्ही भरपूर दिलात. दोन देश दाखवलेत. तरी माणूस सोमवारी सकाळी पुन्हा सोफ्यावरच. मात्रा कमी पडली नव्हती, दुखणंच दुसरं होतं.

आप्पा गावी कसे राहतात ते आठवा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण बाग असलेल्या निवृत्त मास्तरांचा दिवस आपल्याकडे कसा जातो हे काही गुपित नाही. उजाडायच्या आत उठणं, बागेत एक चक्कर, वाटेकऱ्याशी दोन शब्द, त्यातला एक रागाचा. मग पेपर, मग कट्टा. रस्त्यात निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे प्रत्येक जण ‘गुरुजी, कुठं निघालात?’ म्हणणार. कधी उठायचं, कुठे जायचं, खिशातून किती काढायचे, कोणाला काय सुनवायचं, हे सगळं त्यांचं त्यांच्या हातात. तोच माणूस तुमच्याकडे आला की दूध आणायलासुद्धा कोणीतरी घरी येण्याची वाट बघतो. आणि एकदा त्याने स्वतःहून काहीतरी केलं, कचरा खाली नेऊन टाकला, तर दार लागलं, बनियनवर जिन्यात उभं राहावं लागलं, आणि वर लेकीने सांगितलं की आता एकटे बाहेर पडू नका.

तुम्ही काळजीपोटी म्हणालात, यात शंका नाही. पण आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या माणसाला ती शिक्षा वाटली असणार. तुम्हीच लिहिता की घटना जूनमधली, आणि परत गेले ते ठरल्याआधी पंधरा दिवस. मधले दिवस ते तुमच्या घरात अक्षरशः कोंडलेले होते. बाहेर फक्त तुमच्याबरोबर, तुमच्या सोयीने, तुम्ही ठरवलेल्या ठिकाणी. मग ते स्वित्झर्लंड का असेना.

त्यामुळे माझा सल्ला दारापासून सुरू होतो. जर्मनीतल्या बहुतेक घरांच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोल दांडा असतो. दार ओढलं की किल्लीशिवाय उघडत नाही, आपल्या लॅचसारखंच. आपल्याकडे लॅचचं दार लागलं तर शेजारच्या पोराला खिडकीतून आत सोडता येतं, तिकडे कुलूपवाल्याला बोलवावं लागतं आणि रात्री किंवा रविवारी त्याचं बिल बघून घेरी येते. पहिल्या दिवशी, प्रवासाचा शीण उतरल्यावर, आप्पांना दार पाच वेळा उघडायला-लावायला लावा. आतून किल्ली कुलपात ठेवली तर बऱ्याच कुलपांत बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही, हेही दाखवा. त्यांची स्वतःची किल्ली असू द्या, गोफात ओवून गळ्यात किंवा लुंगीऐवजी खिसेवाला पायजमा. तिकडे घंटीवर घराचा नंबर नसतो, आडनाव असतं, म्हणून आपल्या नावाची घंटी कुठली ते ओळखीचं करून द्या. एका कार्डावर पत्ता आणि तुम्हा दोघांचे फोन. आणि दुसरी जादा किल्ली खालच्या आजींकडे.

त्या आजी तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेल्या. भाषेचा एक शब्द सामाईक नसताना त्यांनी एका परक्या म्हाताऱ्याला खुर्ची आणून दिली. बहुधा तुम्ही संध्याकाळी जाऊन दिलगिरी व्यक्त केलीत आणि विषय मिटवलात. तो मिटवू नका. आप्पा आले की पहिल्या आठवड्यात त्यांना आणि मुलीला घेऊन खाली जा, घरचं काहीतरी गोड घेऊन. मैत्री होईलच असं नाही. पण जिन्यात ‘ग्रूस गॉट’ (तिकडचा नमस्कार) म्हणायला एक ओळखीचा चेहरा असला की ती इमारत आप्पांच्याही थोडी मालकीची होते.

मग पाय मोकळे करू द्या. एक रस्ता आधी पक्का होऊ दे: घर, कोपऱ्यावरची बेकरी, जवळची बाग, घर. तुमच्याबरोबर एकदा, मुलीबरोबर एकदा, मग एकटे. नंतर एक भुयारी रेल्वेची लाइन. म्युनिकमध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी ‘इसारकार्ड ६५’ नावाचा मासिक पास मिळतो, तो काढून हातात ठेवा. पास खिशात असला की दर वेळी तिकिटाचं यंत्र, भाषा आणि युरोचे रुपये करत बसणं हे तिन्ही अडथळे एकदम जातात. बुद्धिबळ येत असेल तर म्युन्शनर फ्रायहाइट चौकात उघड्यावर मोठ्या सोंगट्यांचा पट मांडलेला असतो आणि भोवती म्हातारी माणसं तासन्‌तास उभी असतात. तिथे बोलावं लागत नाही. शहराच्या प्रत्येक भागात ज्येष्ठांसाठी सेवा केंद्रंही आहेत, तिथे चहा-कॉफीला बसता येतं. पण खरं सांगायचं तर पहिल्याच महिन्यात आप्पा तिथे जातील असं मी धरणार नाही. त्यापेक्षा मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारा, यंदा आणखी कोणाचे आईवडील आलेत? उन्हाळ्यात दोन-चार घरांत नक्की कोणीतरी असंच सोफ्यावर बसलेलं असतं.

कट्टा सुटतो, याचंही बघता येतं. उन्हाळ्यात भारत म्युनिकच्या साडेतीन तास पुढे असतो. सकाळचा कट्टा गाठायचा तर आप्पांना मध्यरात्रीनंतर जागावं लागेल. पण गावचा संध्याकाळी साडेपाचचा कट्टा म्हणजे म्युनिकचे दुपारचे दोन. जेवण झालेलं, घरात कोणी नाही. ती वेळ व्हिडिओ कॉलसाठी राखून ठेवा, आणि त्यांना चांगला इअरफोन द्या, कारण कट्ट्यावरचं सगळंच तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकण्यासारखं नसतं.

आता बागेबद्दल. ‘बागेकडे बघायला हवं’ ही तुम्हाला सबब वाटली. वाटेकरी आहे की, मग? माझं मत वेगळं आहे. तासगावकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची मोठी छाटणी, होते. तिथून पुढचे साठ-सत्तर दिवस काडी, म्हणजे वेलीची नवी फांदी, तयार होण्याचे, आणि पुढच्या हंगामात किती घड लागणार ते त्या काडीतच ठरतं. म्हणजे मे-जून. म्हणजे नेमके तेच महिने, ज्यात तुम्ही त्यांना बोलावलंत आणि यंदाही बोलावताय. हवा छान म्हणून तुम्ही मे निवडलात. बागायतदाराला मेमध्ये हवा छान असून उपयोग नाही. वाटेकऱ्यावर सोडलेली बाग आणि रोज सकाळी मालकाची चक्कर होते ती बाग यांत फरक असतो, आणि तो आप्पांना फोनवरच्या फोटोंतही दिसत असणार.

म्हणून तारखा बदला. जुलैच्या मध्यावर यावं आणि गणपती कधी आहेत ते पाहून परतीची तारीख ठरवावी, असं सुचवेन. फळछाटणी ऑक्टोबरात, तोवर ते घरी असतील. पावसाळ्यातल्या डाऊनी रोगावरच्या फवारण्या वाटेकऱ्याला कराव्या लागतील, पण त्या सूचना फोनवरून देता येतात आणि आप्पा त्या देतीलच. तुमच्या बाजूनेही हे सोयीचं आहे. बव्हेरियातल्या शाळांची मोठी सुट्टी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, आणि बऱ्याच किटाही ऑगस्टात काही दिवस बंद असतात. मे-जूनमध्ये मुलगी शाळेत, धाकटा किटात, तुम्ही दोघं कामावर, आणि आप्पा कोणाला भेटायला आले होते?

आणि सहल करायचीच तर पॅरिसच्या ऐवजी वुर्झबुर्गला न्या. म्युनिकहून वेगवान गाडीने दोनेक तास. माइन नदीच्या उतारांवर सगळी द्राक्षं, वाइनची. मांडव नाही, तारांवर ओळीने वाढवलेली. ऑगस्टच्या शेवटी तिथे घड भरलेले असतात. आप्पा एक वेल उचलून बघतील, पानं उलटी करून भुरीचा रोग आहे का तपासतील, आणि परत येईस्तोवर बोलत राहतील. त्यांना ज्यातलं कळतं अशा ठिकाणी त्यांना नेलं, तर त्या दिवशी दाखवणारे ते आणि बघणारे तुम्ही.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट एका वाक्यात आली आहे. आई तीन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे मागच्या वर्षीचा तो आप्पांचा तुमच्याकडचा आईशिवायचा पहिला मुक्काम असावा. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बऱ्याच पुरुषांचं मुलाबाळांशी, नातवंडांशी असलेलं बोलणं बायकोमार्फत चालायचं. ‘अहो, तिला विचारा काय झालं’, ‘अगं, त्यांना आज बरं वाटत नाहीये’. ती मधली व्यक्ती गेल्यावर हे लोक प्रेम नसल्यासारखे गप्प होतात, कारण बोलायचं कसं ते त्यांनी कधी केलेलंच नसतं. त्यात लेकीचं घर. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये हे ऐकत ते मोठे झाले. म्युनिकला विमानाने आले तरी तो संकोच पासपोर्टबरोबर आलाच. फ्रीज उघडायला ते कचरत असतील. जावयासमोर पाय पसरून बसत नसतील. तुम्ही ‘आप्पा, काही हवंय का?’ विचारलं की ‘काही नको’ हेच उत्तर येणार. म्हणून उघडे प्रश्न विचारू नका. ‘सकाळचा चहा तुम्ही कराल का? आम्हाला दोघांनाही लागतो’ असं विचारा.

आईचा विषय तुम्ही त्यांच्यासमोर काढता का? बहुतेक घरांत उलट होतं. लेक वडिलांना त्रास नको म्हणून गप्प, वडील लेकीला रडू नको म्हणून गप्प, आणि मुलांनी ‘आजी’ म्हटलं की कोणीतरी दुसराच विषय काढतं. मुलीला आजी आठवत असेल, धाकट्याला ती आठवणं शक्यच नाही. आजी कशी होती हे त्याला सांगू शकेल असा घरातला सगळ्यात माहितगार माणूस आप्पाच. फोटो बाहेर काढा. त्यांना सांगू द्या. डोळे भरून आले तर येऊ देत, मुलांना त्याचं काही वाटत नाही.

मुलांकडे वळू. बाराखडीचं प्रकरण चालणार नव्हतंच. सात वर्षांची मुलगी दिवसभर जर्मन शाळेत बसून येते आणि घरी दुसरी शाळा तयार. आप्पांना मराठीचे मास्तर करू नका, त्यांना तो मोह होईल तरीही. उलट मुलीला त्यांची वाटाड्या करा. बेकरीत काय मागायचं, फलक काय म्हणतो, कुठल्या बाजूने गाडी येते, हे ती सांगणार. आप्पांना जर्मन येत नाही, म्हणजे तिला मराठीतच सांगावं लागणार, गिरवून नव्हे, गरज म्हणून. चुकीची मराठी बोलली तर दुरुस्त करायची नाही, एवढं मात्र आप्पांना बजावा. घरी पत्त्यांचा कॅट ठेवा: बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट. हरल्यावर भांडायला भाषा आपोआप येते.

धाकट्यासाठी आप्पांना एक ठरलेलं काम द्या: रिकाम्या बाटल्या परत करणं. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली किंवा पेयाचा पत्र्याचा डबा दुकानातल्या यंत्रात टाकला की २५ सेंट सुटतात, चिठ्ठी मिळते, त्या चिठ्ठीवर पाव येतो. तीन वर्षांच्या मुलाला बाटली गिळणारं यंत्र आवडतं, आणि आप्पांना परत मिळालेले पैसे आवडतील. फक्त रविवारी दुकानं बंद, हे त्यांच्या डोक्यात बसायला दोन रविवार लागतील.

मोबाइलवरून जे खटके उडाले त्याबद्दल एक विचारते. मूल जेवत नाही, आई ऑफिसच्या फोनवर आहे, आपल्याला त्याची निम्मी भाषा कळत नाही, अशा वेळी आजोबांच्या हातात मोबाइलशिवाय दुसरं होतं काय? तो त्यांचा हट्ट नव्हता, नाइलाज होता. जेवणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका, खटका आपोआप संपेल. न मोडण्याचे नियम तीनच ठेवा आणि बाकीचं सोडून द्या. एक, गाडीत मूल मांडीवर नाही, त्याच्या खुर्चीतच. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते कायद्याने सक्तीचं आहे. दोन, धपाटा नाही, गमतीतलाही नाही. सन २००० पासून तिथल्या कायद्याने मुलांना मारविरहित संगोपनाचा हक्क दिलाय. एका जुन्या मास्तरांना हे सांगणं जड जाईल, पण विमानात बसण्याआधी सांगा, बागेत चारचौघांसमोर नव्हे. तीन, दुसऱ्यांच्या मुलांचे गाल ओढायचे नाहीत, त्यांना गोळ्या द्यायच्या नाहीत, त्यांचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. आपल्याकडे हे प्रेम असतं, तिकडे आया घाबरतात. उरलेलं, म्हणजे भरवणं, एक जादा लाडू, झोपायला अर्धा तास उशीर, हे दोन महिन्यांत मुलांना बिघडवत नाही.

भावाचा टोमणा तुम्हाला लागला, कारण त्यात थोडं तथ्य असेल अशी तुम्हाला भीती आहे. आजोबांनी नातवंडं सांभाळली तर त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं जेव्हा न विचारता ते गृहीत धरलं जातं आणि ‘आम्ही तुम्हाला युरोप दाखवला’ या हिशेबात जमा केलं जातं. म्हणून स्पष्ट विचारा: आठवड्यातून दोन दिवस चार वाजता धाकट्याला किटातून आणाल का? किटाला तसं लेखी कळवून ठेवावं लागतं, नाहीतर ते सख्ख्या आजोबांनाही मूल देत नाहीत, आणि देऊ नयेच. पहिल्या वेळी ओळखपत्र लागेल. बाकीचे दिवस त्यांचे. दोन्ही मुलांना घेऊन एकट्याने इसार नदीच्या काठी किंवा पोहायच्या तलावावर मात्र पाठवू नका. धावणाऱ्या पोराच्या मागे ७१ वर्षांचे पाय पुरत नाहीत, आणि हे सांगण्यात त्यांचा अपमान नाही. आणि भावाला पुण्याहून सल्ला देणं सोपं आहे. आप्पा म्युनिकला असताना महिन्यातून एकदा तासगावला जाऊन बाग बघून ये, फोटो पाठव, एवढं काम त्याला द्या.

नवऱ्याच्या ‘महिनाभर पुरे’ला मी लगेच वाईट ठरवणार नाही. सासरे घरात असले की त्याचंही वागणं बदलतं, बाथरूम एकच असेल तर सकाळचं वेळापत्रक कोलमडतं, दार लागलं तेव्हा ऑफिसातून धावत आला असेल तर तोच. त्याला विचारा, नक्की काय जड जातं? झोपायची जागा हे कारण निघालं तर ते सोडवता येतं. आप्पांना बैठकीत सोफ्यावर झोपवू नका. सगळे उठून गेल्याशिवाय त्यांना आडवं होता येत नाही आणि पहाटे पाचला जाग आली की ते अंधारात बसून राहतात. दार लावता येईल अशी खोली द्या, मुलं दोन महिने तुमच्या खोलीत आली तरी चालेल. न्हाणीघरात खाली पाणी जायला जाळी नसेल तर ते आधीच सांगा, नाहीतर बादलीने अंघोळ झाली की पाणी खालच्या आजींच्या छतातून टपकेल. टबात घसरू नये म्हणून रबरी चटई आणि एक पक्कं स्टूल, संडासात हातफवारा. ही खरेदी ते यायच्या आधी करा.

पैशाचं एक. त्यांना ‘खर्चाला’ म्हणून युरो देऊ नका, घेणार नाहीत. भाजी आणि पाव हा आप्पांचा खर्च, असं त्यांचं त्यांना ठरवू द्या. पेन्शनमधले काही युरो ते कार्डावर भरून आणतील. चार युरोची कॉफी म्हणजे चारशेच्या आसपास, असा हिशेब ते मोठ्याने करतील, आणि तुमचा नवरा कपाळाला हात लावेल. बिलावरून त्यांच्याशी झटापट करू नका. एकदा त्यांना सगळ्यांचं आइस्क्रीम भरू द्या.

कागदपत्रांत चूक होते ती अशी: तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हे. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या, नियमाप्रमाणे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०, आणि पोहोचल्याचा व निघाल्याचा दिवस दोन्ही धरून. १ मे ते ३१ जुलै हे ९२ होतात. व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात, तिकीट काढताना तो आकडा बघा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत. व्हिसासाठी विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण रक्तदाब, साखर असं काही असेल तर ते लपवू नका आणि जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते स्वतः वाचा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. इकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिकडच्या औषधाच्या दुकानात चालत नाही, म्हणून पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या, औषधाच्या मूळ नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. तातडीच्या वेळी ११२, हा आकडा आप्पांना पाठ हवा. दवाखाने बंद असताना साध्या दुखण्यासाठी ११६११७, तो तुम्ही लावायचा. आणि तूप, पेढे, खवा असलं काही आणू नका म्हणावं, दुधाचे पदार्थ प्रवाशांना बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. चिवडा, भाजणी, मेतकूट भरपूर आणू द्या. मागच्या वर्षीचा व्हिसा आणि हा दुसरा, दोन्ही नियमात वापरले गेले तर पुढच्या वेळी दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळण्याची शक्यता असते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी तशी सवलत झाली. मग ‘एवढा खर्च करून आलोय तर तीन महिने राहतो’ हे ओझं जाईल. चार आठवडे यावं, कंटाळा आला की जावं.

हे सगळं ठरवण्याआधी मात्र फोन करा. ‘कधी येताय?’ असा नको. ‘आप्पा, मागच्या वर्षी बाहेर पडू नका म्हणाले, ते चुकलं माझं. यंदा तुमची किल्ली वेगळी. बागेचं बघून सांगा, जुलैच्या मध्यानंतर जमेल का, आणि किती दिवस?’ एवढंच. मग गप्प राहा, त्यांना विचार करू द्या, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आकडा त्यांनी सांगू दे. ते तीस म्हणाले तर तीस, तुमच्या मनात साठ असले तरी.

आणि ‘नको’ म्हणाले तर तो नकारच समजा, रुसवा नव्हे. अशा वेळी ऑगस्टच्या सुट्टीत तुम्हीच मुलांना घेऊन तासगावला जा, निदान तीन आठवडे. तिथे किल्ली आप्पांची, रस्ते त्यांच्या माहितीचे आणि वाट विचारायची पाळी मुलांची. मुलांचे पासपोर्ट जर्मन असतील तर त्यांचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं) काढलंय का ते आत्ताच बघा, त्यालाही वेळ लागतो.